नव्या घरांतही मृत्युदर वाढला, तेव्हा

दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमधील मृत्युदर घटला तो गलिच्छ वस्त्या पाडून नगरपालिकेने घरे बांधल्यामुळे, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते. स्टॉक्टन-ऑन-टीज येथे १९२७ साली १५२ कुटुंबांतील ७१० माणसे माउंट प्लेझंट या नव्या वसाहतीत हलवण्यात आली, तर शेजारच्या रिव्हरसाइड भागातील १,२९८ माणसे जुन्याच घरांत राहिली. नगराचे आरोग्य अधिकारी डॉ. मॅकगॉनिगल यांनी नुसती मृत्यूंची संख्या न मोजता, लोकसंख्येतील वयाच्या प्रमाणातला फरक लक्षात घेऊन दर प्रमाणित केले, आणि ही दक्षता मला फार मोलाची वाटते. नव्या वसाहतीत गेलेल्या माणसांचा मृत्युदर जुन्या घरांत असताना, १९२३-२७ मध्ये, हजारी २२.९१ होता, तो १९२८-३२ मध्ये ३३.५५ झाला, रिव्हरसाइडचा मात्र २६.१० वरून २२.७८ वर उतरला. घरे हवेशीर होती, न्हाणीघर होते. पण भाडे जवळजवळ दुप्पट झाल्याने, विशेषतः बेकार कुटुंबांत, आठवड्याच्या पैशांतून दूध, मांस आणि भाज्यांसाठी फारच थोडे उरत असे.