काम यंत्राकडे गेल्यावर मधल्या वयातल्या माणसाने कोणत्या दिशेने वळावे?

वाटसरू

मी एकोणीस वर्षे विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासतो आहे. अर्जातली माहिती दाखल्यांशी ताडून पाहायची आणि विसंगती आढळल्यास शेरा मारून प्रकरण वर पाठवायचे, असे आमच्या विभागाचे काम असून गेल्या दीड वर्षात त्याचा पहिला टप्पा संगणक प्रणालीच करू लागली आहे. आम्ही चौदा जण होतो, आता सहा उरलो आहोत, आणि वरिष्ठांनी सर्वांना प्रोग्रामिंगचा एक अभ्यासक्रम सुचवला आहे. माझे वय ४६ आहे. शिकण्याची भीती वाटत नाही. परंतु घर चालवत असताना वर्षभराच्या संध्याकाळी ज्यात घालवायच्या ती दिशाच चुकली, तर पुन्हा तेवढा वेळ हाती उरणार नाही. यापूर्वी ज्यांची कामे अशी गेली त्यांनी काय केले आणि त्यातले काय साधले, हे जाणकारांनी सांगावे.

जुना जुळारी

मी सतराव्या वर्षी छापखान्यात लागलो. केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, अक्षरांचे खिळे उचलून स्टिक या हातातल्या पट्टीत ओळ जुळवायची, हे काम मी बारा वर्षे केले. संगणकावर मजकूर बसवणे सुरू झाले तेव्हा मला वाटले की खिळ्यांची जागा आता कळफलकाने घेतली आहे, म्हणून आठ महिने मी केवळ टंकलेखनाचा वेग वाढवला. ती माझी चूक होती. थोड्याच वर्षांत लेखक स्वतःच मजकूर टंकून पाठवू लागले आणि तो वेगही कुणाला नकोसा झाला. यंत्राने जो टप्पा घेतला त्याच्या अगदी शेजारचा, तितकाच ठोकळेबाज टप्पा मी निवडला होता आणि तो साहजिकच त्याच्या पुढच्या घासात गेला.

माझ्याजवळ खरोखर टिकण्यासारखी होती ती नजर. ऱ्हस्वदीर्घ, ओळ कुठे तुटावी, पानात मोकळी जागा किती असावी, हे खिळे हाताळतानाच अंगी मुरले होते. पुढे मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी यांवर माझे घर चालले. आपण एकोणीस वर्षांत जे पाहायला शिकलात, त्यातले यंत्राला अजून काय दिसत नाही, ते आधी कागदावर लिहून काढा.

आकडेमोड

श्रमबाजाराचा अभ्यास हे माझे काम आहे, म्हणून एक अप्रिय गोष्ट प्रथम सांगतो. अमेरिकेत १९२० ते १९४० या काळात अनेक शहरांतली टेलिफोनची जोडणी, जी आधी स्त्रिया हाताने करीत, ती स्वयंचलित झाली. नव्या पिढीतल्या मुलींना कचेऱ्यांत किंवा अन्यत्र कामे मिळाली, त्यामुळे एकूण रोजगाराकडे पाहता सारे सुरळीत झाल्यासारखे दिसते. परंतु आधीपासून जोडणीच्या फलकापुढे बसणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी पुढच्या दहा वर्षांत कामाबाहेर गेल्या, किंवा कमी पगाराच्या कामाकडे वळल्या. पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांविषयीचा १९९३ सालचा प्रसिद्ध अभ्यासही हेच सांगतो. दीर्घकाळ एकाच ठिकाणी असलेल्यांची नोकरी गेल्यावर पाच-सहा वर्षांनीही त्यांची कमाई पूर्वीपेक्षा सुमारे २५ टक्के कमीच राहिली. म्हणून 'नवी कामे निर्माण होतातच' या वाक्यावर आपण विसंबू नये. ती निर्माण झाली तरी आपल्याच वाट्याला येतील असे नाही.

अभ्यासक्रमाविषयी मात्र डोरोथी वॉन यांचे उदाहरण मला मोलाचे वाटते. नासा ज्या संस्थेतून पुढे उभी राहिली त्या नाकामध्ये (NACA) हाताने गणिते करणाऱ्या स्त्रियांच्या एका गटाच्या त्या प्रमुख होत्या. इलेक्ट्रॉनिक संगणक आल्यावर त्यांनी स्वतः फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून घेतली आणि सहकाऱ्यांनाही शिकवली. त्यांना ती फळली, कारण यंत्राकडून जी गणिते करवून घ्यायची ती त्यांना आधीपासून येत होती, आणि जुने काम पुरते संपण्यापूर्वीच त्यांनी शिकायला आरंभ केला होता. दाव्यांच्या तपासणीशी संबंध नसलेले प्रोग्रामिंग आपल्याला तसा उपयोग देईल, असे मला वाटत नाही.

संघटनेतली कार्यकर्ती

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, तरी त्यांत सगळा भार एकट्या माणसावर पडतो, याचे मला वाईट वाटते. मालवाहू कंटेनरांमुळे गोदीतली कामे घटणार हे दिसू लागले, तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने १९६० साली करार केला. यंत्रांना वाट मोकळी करून दिली, पण बदल्यात मालकांच्या पैशातून निधी, किमान मिळकतीची हमी आणि लवकर निवृत्तीची सोय मिळवली. स्वीडनमध्ये मालक व संघटना यांच्या करारांतून १९७४ पासून अशा संस्था उभ्या राहिल्या, ज्या माणूस बेकार झाल्यानंतर नव्हे, तर कामावरून कमी करण्याची सूचना हाती पडताच मार्गदर्शन सुरू करतात. त्यांचा खर्च मालकांच्या वर्गणीतून भागतो.

आपण सहा जण आहात. शिकण्यासाठी कामाच्या वेळातले ठरावीक तास आणि पुढच्या कपातीची पुरेशी आधी सूचना, एवढे तरी सहाही सह्यांनिशी लेखी मागा. विभागात चौघे उरल्यावर तेच पत्र कुणी गांभीर्याने वाचणार नाही.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. जुळारींच्या सांगण्यावरून काल यादी केली. प्रणाली ज्या दाव्यांवर नामंजुरीची खूण करते, त्यांतल्या काहींत दाखला खरा असतो, केवळ नावाच्या किंवा तारखेच्या लिखाणात फरक असतो. असा दावेदार फोन करतो तेव्हा त्याचे ऐकून घेऊन प्रकरण पुन्हा उघडायचे कसे, हे प्रणालीला येत नाही. फेरतपासणीच्या कामावर बदली मागणार आहे, आणि पत्राचा मसुदाही सहकाऱ्यांपुढे ठेवतो.

जुळारींना एकच विचारायचे आहे. मुद्रितशोधनाकडे वळल्यावर पूर्वीएवढा पगार व्हायला किती काळ लागला?

जुना जुळारी

सव्वातीन वर्षे. पहिले वर्ष सर्वांत कठीण गेले, तेव्हा घरच्यांना आकडा आधीच सांगून ठेवा.