नवरात्रात पहिल्यांदाच घट बसवतेय, माती-पाण्याचं कसं करू?

प्रश्न:
सासूबाई होत्या तोवर घट बार्शीला मोठ्या घरी बसायचा, आम्ही अष्टमीला पोचायचो. यंदा देव आमच्याकडे पुण्याला आलेत. कुलस्वामिनी तुळजाभवानी. टाक (देवाची प्रतिमा उठवलेले धातूचे छोटे पत्रे), परडी (टोपली) सगळं आहे, पण मी स्वतः घट कधी बसवलेला नाही. माती कुंडीतली चालेल का? पाणी रोज किती? मातीच्या घटाऐवजी तांब्याचा कलश ठेवू का?

उत्तर १:
आमच्याकडे तांब्याचाच असतो. काही अडत नाही. फक्त अश्विन शुद्ध प्रतिपदेला सकाळीच बसवा.

उत्तर २:
ताई, मी धाराशिवकडची, लग्न झाल्यापासून घट माझ्याच हातचा. तांब्याचा चालतो, पण मिळाला तर मातीचाच घ्या. कोरा घट पाझरतो, ती ओल धान्याला आपोआप मिळते. तांब्याला ते जमत नाही, मग वरून पाणी शिंपडावं लागतं आणि तिथंच हात सैल सुटतो.

कुंडीतली माती नको. त्यात खत, कोकोपीट असतं, बुरशी धरते. गावाकडून कुणी येणार असेल तर वावरातली काळी माती मागवा. ढेकळं फोडून चाळून घ्या. परडीत पत्रावळ, खाली ताट, म्हणजे फरशीवर पाणी येणार नाही. दोन बोटं मातीचा थर, मधोमध घट. घटात पाणी, सुपारी, नाणं, हळदकुंकू. तोंडाला विड्याची पाच पानं, वर नारळ. धान्य घटाभोवती पेरून वर मातीचा पातळ हात फिरवा. गहू-ज्वारी हमखास उगवते. हरभरा मात्र जास्त ओलीनं कुजतो आणि परडीला वास सुटतो, म्हणून मी तो मूठभरच घेते, तोही कडेला. सुरुवातीला वरून पाणी घालूच नका, घटातलं कमी झालं की तेवढं भरा. माती बोटानं दाबून पाहा. चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही.

टाक विड्याच्या पानावर बसवले की दसऱ्यापर्यंत हलवायचे नाहीत. अंघोळ नाही, फुलानं पाणी शिंपडून पूजा. पहिली माळ आमच्याकडे विड्याच्या पानांची, पुढे झेंडू, शेवंती, कारळ्याची फुलं. हे घराघरांत वेगळं असतं, सासरच्या जुन्या माणसाला विचाराच. तुमचाच कुळाचार तुमच्याकडे आलाय, तो दुसऱ्याच्या घरचा होऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती:
काकू, खूप आधार वाटला. माती आणायला दीरांना सांगितलंय. नंदादीप रात्री एकटा सोडायला भीती वाटते, हॉलमध्ये वारा येतो.

उत्तर २:
समईभोवती काचेची चिमणी ठेवा, पडदा लांब बांधा. झोपण्याआधी तेल भरा. वात बदलायची झाली तर आधी शेजारच्या निरांजनावर ज्योत घ्या, मग जुनी काढा. कडाकण्या (देवीच्या नैवेद्याच्या कडक पुऱ्या) सातव्या माळेला, म्हणजे सातव्या दिवशी करतो आम्ही. तुमच्याकडे कधी, तेही दीरांनाच विचारून घ्या.