दहा नावं नका सांगू, उरलेल्या पंच्याहत्तरांचं सांगा

चौथा_डाऊन

परवा इथे एक लेख आला, 'मैदानातही पहिले, वर्गातही पहिले'. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली दहा नावं, प्रत्येकाखाली तीन ओळी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, मनात आणलं तर दोन्ही जमतं. खाली दीडशे लोकांचे हात जोडलेले. तिथेच लिहिणार होतो पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

मायरन रोलचंच घ्या, यादीत पहिला आहे. फ्लोरिडा स्टेटचा सेफ्टी, म्हणजे बचाव फळीत मागे उभा राहणारा. नोव्हेंबर २००८ मध्ये बर्मिंगहॅमला ऱ्होड्स स्कॉलरशिपचा (ऑक्सफर्डला शिकायला मिळणारी नामांकित शिष्यवृत्ती) इंटरव्ह्यू आणि त्याच संध्याकाळी मेरीलँडमध्ये मॅच. इंटरव्ह्यू दिला, निवड झाली, खासगी विमानाने गेला, दुसऱ्या क्वार्टरमध्ये मैदानात. लेख इथे संपतो. पुढचं कोण सांगणार? एक वर्ष ऑक्सफर्डला गेला, परत आला तर एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, २०१० च्या ड्राफ्टमध्ये (टीम खेळाडू निवडतात ते) थेट सहाव्या राउंडला, २०७ वा. नियमित सीझनची एकही मॅच एनएफएलमध्ये खेळायला मिळाली नाही. ड्राफ्टआधी एका टीमच्या इंटरव्ह्यूत त्याला विचारलं गेलं की टीमला सोडून स्कॉलरशिपच्या मागे गेलास तेव्हा कसं वाटलं, हे त्यानेच सांगितलंय. पुढे तो न्यूरोसर्जन झाला, हार्वर्डच्या हॉस्पिटलात. त्याचं भलं झालंच, पण त्याच्या हुशारीचं फुटबॉलवाल्यांनी काय केलं तेवढं बघा.

आणि नॉर्थवेस्टर्नचा केन कोल्टर? क्वार्टरबॅक, डॉक्टर व्हायचं होतं. प्री-मेडला लागणारी केमिस्ट्री प्रॅक्टिसच्या वेळेत येते म्हणून घेता आली नाही, हे त्याने २०१४ मध्ये लेबर बोर्डासमोर शपथेवर सांगितलं. नियमात खेळाला आठवड्याला वीस तास, तिथल्या अधिकाऱ्याच्या निकालात सीझनमध्ये चाळीस ते पन्नास. याच्या मनात नव्हतं का काही? एका टीमला ८५ स्कॉलरशिपा. दहा चमकले, बाकी ७५ चं काय ते बोला.

अण्णा_ऑस्टिनचे

तो लेख मीच लिहिलाय, नाव घ्यायला लाजलात का? दहा नावं म्हणजे एका टीमची नव्हेत, शंभर वर्षांतली आहेत, त्यामुळे तुमची ८५ वजा १० ही वजाबाकीच चुकलीय. दुसरं म्हणजे तुम्ही रोल घेतलात कारण तो तुम्हाला सोयीचा. जॉन अर्शेल का नाही घेतला? पेन स्टेटला लाइनमन, गणितात बॅचलर्स आणि मास्टर्स दोन्ही, खेळत असतानाच खालच्या वर्गाला शिकवत होता. एनएफएलच्या रेव्हन्सकडून खेळता खेळता एमआयटीची पीएचडी सुरू केली, आज तिथे प्रोफेसर आहे. जोशुआ डॉब्स, टेनेसीचा क्वार्टरबॅक, एरोस्पेस इंजिनियरिंग! ॲलन पेज, वायकिंग्सकडून खेळताना लॉ केलं आणि पुढे मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टात २२ वर्षं न्यायाधीश. आपली पोरं एक क्लास, दोन क्लास, वरून टेस्ट सिरीज, आणि संध्याकाळी अर्धा तास खाली खेळायला सोडायचं म्हटलं तर आईबापांच्या पोटात गोळा येतो. त्यांना हे दाखवायला नको का? माझा मुलगा दहावीत आहे, टेक्सासमध्ये, शाळेच्या टीममध्ये आहे, आणि ए-ग्रेड आहेत. उगाच नाही लिहीत.

शेवंती

अण्णा, तुमच्या मुलाला शुभेच्छा पण मी आतून बघितलंय म्हणून लिहिते. एमएस करताना पैसे हवे होते म्हणून दोन वर्षं एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत खेळाडूंची ट्यूटर होते, नाव नाही सांगणार. मोठी इमारत, काचेच्या खोल्या, खाणं फुकट, बाहेरच्या पोरांना हेवा वाटेल असं सगळं. आणि क्लासमध्ये हा बसलाय का हे बघायला दाराशी माणूस यायचा, हजेरी टिपायचा आणि निघून जायचा.

माझ्याकडे एक मुलगा होता, डिफेन्सिव्ह लाइनला, दरवाज्यातून तिरका यायचा एवढा. त्याला सिव्हिल करायचं होतं. स्टॅटिक्सचे प्रॉब्लेम काढायचा तेव्हा जीभ बाहेर काढून काढायचा, लहान मुलांसारखी. सकाळी साडेपाचला वेट रूम, मग क्लास, मग व्हिडिओ बघणं, मग प्रॅक्टिस, आणि रात्री आठला माझ्यासमोर यायचा तेव्हा डोळे मिटत असायचे. दुसऱ्या वर्षी लॅब दुपारची आली. ॲडव्हायझर म्हणाला, बाळा तुझ्यासाठी एक सोपा मेजर (मुख्य विषय) आहे, त्याचे सगळे क्लास सकाळी असतात. त्या टीममधले निम्मे तिथेच. कुणी जबरदस्ती केली नाही हं. सही त्यानेच केली. एकदा सगळ्यांना त्या कम्युनिकेशन का कसल्या मेजरमध्ये कोंबलं की कॉलेज म्हणायला मोकळं, आमचे सगळे ग्रॅज्युएट होतात.

बकआय_वहिनी

'कम्युनिकेशन का कसल्या'??? मी कम्युनिकेशनच केलंय, ओहायोत, सोपं अजिबात नव्हतं. आपल्या लोकांचं हेच, इंजिनियरिंग किंवा मेडिकल नाही तर डिग्रीच नाही. माझ्या लग्नात सासूबाईंनी पाहुण्यांना सांगितलं होतं की सून 'कम्प्युटरमध्ये' आहे, एक शब्द तरी खरा सांगायचा ना.

शेवंती

अहो तसं नव्हतं म्हणायचं. स्वतः निवडून केलं तर उत्तमच. प्रॅक्टिसच्या टायमिंगने निवडून दिलं तर काय म्हणायचं?

बकआय_वहिनी

मग तसं लिहायचं होतं. आणि आमच्या कार्डेल जोन्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणजे आश्चर्यच आहे. २०१२ मध्ये त्याने ट्वीट केलं होतं की आम्ही फुटबॉल खेळायला आलोय, शाळा खेळायला नाही, क्लासला कशाला जायचं. सगळी अमेरिका हसली त्याला. त्याच पोराने जानेवारी २०१५ मध्ये ओहायो स्टेटला चॅम्पियनशिप मिळवून दिली आणि २०१७ मध्ये डिग्री पण घेतली. हा तुमच्या यादीत नाही बसणार अण्णा, कारण याने मूर्खासारखं खरं बोलून टाकलं होतं.

रांगडा_कोल्हापुरी

तुमचं अमेरिकेचं चालू द्या पण आमच्याकडं काय वेगळं हाय? मी शाळेत असताना कबड्डीत राज्य स्तरापर्यंत गेलेलो, बोर्डाचे खेळाचे वाढीव मार्क मिळायला पायजे होते, प्रस्ताव पाठवायची तारीख शाळेनं चुकवली. एका क्लार्कच्या टेबलावर माझं सर्टिफिकेट दीड महिना पडून. त्या मार्कात माझं डिप्लोमाचं कॉलेज बदललं असतं. आज बी आठवलं की डोकं फिरतंय. तिकडं हजेरी घ्यायला तरी माणूस येतोय दाराशी, आमच्याकडं खेळाडू जिवंत हाय का बघायला कोण येत न्हाई.

तिरकस

दादा वाईट झालं, पण वेगळा धागा काढा. वहिनी तुम्ही पण सासूबाईंचा काढा.

डिग्री सोपी की अवघड यात काय अडकलात, क्लासच नसेल तर? नॉर्थ कॅरोलायना, चॅपल हिल. १८ वर्षं, ३१०० हून जास्त विद्यार्थी, वर्ग कधी भरलाच नाही, एक पेपर लिहून द्यायचा आणि मार्क ऑफिसातली बाई देणार. प्रोफेसर नाही, ऑफिसातली! २०१४ चा वेनस्टीन रिपोर्ट काढून वाचा. त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. आणि २०१७ मध्ये एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, म्हणते, हे क्लास सगळ्या विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणजे खेळाडूंना खास सवलत नव्हती, म्हणजे आम्हाला कारवाई करता येत नाही. चोरी सगळ्यांनी मिळून केली म्हणून चोरी नाही. आपल्या एखाद्या संस्थाचालकालाही हे सुचलं नसतं.

गणिती_गोंधळ

अण्णा, अर्शेलचं अर्धंच सांगितलंत. २०१५ च्या कॅम्पमध्ये त्याला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का) झालं आणि काही आठवडे वरच्या पातळीचं गणित जमेना, हे त्याचंच सांगणं. जुलै २०१७ मध्ये मेंदूंचा तो अभ्यास आला, एनएफएलच्या १११ पैकी ११० मेंदूंमध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार), आणि दोन दिवसांनी याने फुटबॉल सोडलं, वय २६. ज्याला आकडे सगळ्यात चांगले कळतात तो आकडे बघून निघून गेला, आणि तू त्याचंच नाव सांगून पोराला मैदानात पाठवतोयस. कमाल आहे तुझी.

अण्णा_ऑस्टिनचे

पहिलं म्हणजे अरे-तुरे नको, आपली ओळख नाही. दुसरं, गणिती नाव लावता तर सॅम्पल बघा, ते मेंदू घरच्यांनी दान केलेले, ज्यांना आधीच शंका होती त्यांचे. १११ मधले ११० म्हणजे शंभरातल्या ९९ खेळाडूंना होतं असा अर्थ निघत नाही. तिसरं, माझ्या पोराचं नाव मध्ये आणू नका.

गणिती_गोंधळ

पोराला धाग्यात तुम्हीच आणलंत, ए-ग्रेडसकट. अरे-तुरेबद्दल सॉरी. सॅम्पलचं बरोबर आहे, अभ्यास करणाऱ्यांनी पण तेच लिहिलंय. पण त्याच अभ्यासात जे फक्त कॉलेजपर्यंत खेळले त्यांचेही ५३ मेंदू होते, ४८ मध्ये सापडलं. सॅम्पल वाकडं धरून पण हा आकडा मला झोपू देत नाही, तुम्हाला देत असेल तर छान.

अण्णा_ऑस्टिनचे

मलाही देत नाही. तो बाकड्यावरच जास्त असतो, टॅकल फार नसतात. असं त्याच्या आईला सांगतो.

चौथा_डाऊन

अण्णा, ही शेवटची ओळ लेखात असती तर मी धागाच काढला नसता.

आता एक गंमत. तुमच्या यादीतलं सगळ्यात वजनदार नाव बायरन व्हाइट, 'व्हिझर'. कोलोरॅडोचा, १९३७ च्या हाइझमनमध्ये (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) दुसरा, १९३८ मध्ये पिट्सबर्गकडून १५,८०० डॉलर पगार, लीगमध्ये सर्वात जास्त, आणि पळण्यातही लीगमध्ये पहिला. ऱ्होड्स स्कॉलर, मग येल लॉ, १९६२ पासून ३१ वर्षं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात. ऑक्सफर्डने याला सीझन संपवून उशिरा यायची परवानगी दिली होती बरं का. १९८४ मध्ये टीव्हीच्या हक्कांची केस आली, कॉलेजं विरुद्ध एनसीएए. ७-२ ने एनसीएएची मक्तेदारी गेली. विरोधात लिहिलं ते व्हाइटने. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की हा धंदा नाही, शिक्षणाचा भाग आहे, बाजारावर सोडलंत तर हौशीपण संपेल. मला आधी राग यायचा, स्वतः लीगमध्ये सर्वात जास्त पगार घेतला आणि पोरांना हौशीपण शिकवतो! पण पुढे झालं काय, टीव्हीचा पैसा फुगत गेला, कोच करोडपती झाले आणि 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द तसाच. पोरांना स्वतःच्या नावाचे (जाहिराती वगैरेंचे) पैसे घ्यायला २०२१ उजाडावं लागलं. बाजाराबद्दल म्हातारा बरोबर होता, मान्य करायला जिवावर येतंय.

तिरकस

तो शब्द पण काय सोज्वळ! 'विद्यार्थी-खेळाडू' १९५० च्या दशकात एनसीएएने रुजवला, जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये म्हणून. आणि बाय द वे ८५ जुनं झालं, २०२५ पासून स्कॉलरशिपची मर्यादा गेली, टीममध्ये १०५ पोरं. शीर्षक बदला, आता पंच्याण्णव उरले.

चौथा_डाऊन

धन्यवाद गुरुजी. वजाबाकीच चुकलीय हे अण्णांनी आधीच सांगितलंय.

अण्णा_ऑस्टिनचे

पैसे मिळायला लागले म्हणजे अभ्यासाची आणखी वाट लागणार, हे कुणी बोलत नाही. दरवर्षी कॉलेज बदलतायत पोरं, क्रेडिटं कुठल्या कुठे जातात. तेव्हा जुनं सगळं वाईट असं नका म्हणू. आणि बरं, 'मनात आणलं तर' हे काढून टाकतो लेखातून. त्या जागी 'मनात आणलं, नशीब असलं, दुपारची लॅब नसली आणि मेंदू शाबूत राहिला तर' असं लिहितो. खूश?

बकआय_वहिनी

लिहाच. आणि शेवंतीताई, मघाशी चिडले, सोडून द्या. तुमच्या त्या तिरक्या येणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीत.

शेवंती

चौथ्या वर्षी गुडघा गेला, ड्राफ्टचा प्रश्नच नव्हता. त्याच मेजरची डिग्री घेऊन गेला. मी नोकरीला लागल्यावर, तीनेक वर्षांनी असेल, मेल आला. गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी स्टॅटिक्स लावलंय, तुझ्या त्या पिवळ्या वहीतल्या नोट्स अजून आहेत का? होत्या. आख्खी वहीच कुरियर केली.

रांगडा_कोल्हापुरी

मग पास झाला का न्हाई?

शेवंती

माहीत नाही हो. वही परत आली नाही.