शस्त्रांच्या ऑनलाइन तस्करीचा तपास: प्रशिक्षणाची सुरुवात कुठून करावी?

कळवेकर: ठाण्यातील पोलीस अंमलदारांसाठी दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गावठी कट्टा बहुतेकांना ओळखता येतो. समाजमाध्यमावर विक्रीची जाहिरात दिसल्यावर काय करावे, याविषयी मात्र गोंधळ असतो. डार्क वेबपासून (खास ब्राउझरनेच उघडणारा, वापरणाऱ्याची ओळख लपवणारा इंटरनेटचा भाग) सुरुवात करावी का?

नेरूळकर: डार्क वेब शेवटी ठेवावे, असे माझे मत आहे. २०१६ च्या म्युनिक गोळीबारातील ग्लॉक पिस्तूल तिथूनच विकत घेतले होते हे खरे. परंतु आपल्या अंमलदारासमोर बहुधा येते ते मोबाइलवरील एखाद्या बंद गटातले संभाषण, आणि त्याचा नुसता स्क्रीनशॉट काढून समाधान मानले, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र व हॅश मूल्य (फाइलमध्ये नंतर बदल झालेला नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) यांच्या अभावी तो न्यायालयात टिकणे कठीण जाते. पहिला दिवस यावरच द्यावा. (व्याख्याने कमी, सराव जास्त, दुपारच्या जेवणानंतरचे व्याख्यान कोणीच ऐकत नाही.)

वाशीतील वकील: एक भर घालतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, त्यामुळे पार्सलमध्ये केवळ बॅरल (बंदुकीची नळी) सापडली तरी ती बाब किरकोळ ठरत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने अवैध तस्करीला किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

कळवेकर: आभारी आहे. सुट्या भागांचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. कुरिअर कंपन्यांच्या नोंदी मागवण्याचा सराव त्याला जोडतो.