मदत हवी आहे: शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करायची आहे, पण विषय सोडायचा नाही (जत, जि. सांगली)

नमस्कार मंडळी,

जत तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. नोकरीला सतरा वर्षं झाली. एम.एस्सी., एम.एड. झालंय. गेल्या नेट (राष्ट्रीय पात्रता) परीक्षेत शिक्षणशास्त्रात तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरले. हे गुण एकच वर्ष चालतात आणि त्यातले पाच महिने गेले.

विषय कुठून आला ते आधी सांगते, कारण अडचण तिथेच आहे.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त पोरं घरी कन्नड बोलतात. शाळा मराठी माध्यमाची. कन्नड बोलतात, पण कन्नड लिपी बहुतेकांना वाचता येत नाही. वाचायला येतं ते मराठीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आठवीच्या धाराविद्युतच्या धड्याचे पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ करून व्हॉट्सअॅपवर पाठवले. शाळा सुरू झाल्यावर तेच प्रोजेक्टरवर लावायला लागले. एक मुलगा दर वेळी हात वर करून म्हणायचा, "निधान बाई, निधान." म्हणजे हळू. मी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा लावायची. तो पुन्हा तसाच गप्प.

एकदा मात्र मी बोललेले शब्द पडद्याच्या खालच्या पट्टीत जसेच्या तसे उमटतील असा व्हिडिओ लावला. हा मुलगा उठला, भिंतीपाशी गेला, 'विभवांतर' या शब्दावर अंगठा ठेवून अर्धा शब्द झाकला. मग अंगठा सरकवून दुसरा अर्धा झाकला. आणि म्हणाला, "अंतर म्हणजे फरक ना बाई? मग दोन विभवातला फरक." हे मी तोंडाने चार वेळा सांगितलं होतं. कानावर तो शब्द अख्खा गोळा होऊन पडत होता, डोळ्यांना तो फोडता आला.

मग वाचायला लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनाच्या सिद्धांतात एक तत्त्व आहे: चित्र आणि निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावर पुन्हा दाखवू नका, डोळ्यांवर दुहेरी भार पडतो. पण शिकवण्याची भाषा ज्यांची घरची नाही त्यांच्याबाबत हे तत्त्व तसंच लागू पडत नाही, अशीही चर्चा त्यातच आहे. माझी पोरं नेमकी त्यातली. मला हेच तपासायचंय: कन्नड घरातल्या मुलाला मराठी व्हिडिओखालच्या मराठी अक्षरांनी मदत होते का, कोणत्या शब्दांना होते, आणि मराठी घरातल्या मुलाला त्याचा त्रास होतो का.

एका संशोधन केंद्रात हे घेऊन गेले. तिथे सांगितलं, "विषय फार लहान आहे. 'माध्यमिक शिक्षकांचा शैक्षणिक तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन' घ्या. पाचशे गुगल फॉर्म भरून घ्या, टक्केवारी काढा, मोकळ्या व्हाल." परत येताना एसटीत मला रडू आलं. मोकळं व्हायचं असतं तर एवढ्या वर्षांनी कशाला या वाटेला लागले असते?

तर विचारायचंय ते असं. हा विषय खरंच पीएच.डी.ला लहान आहे का? मार्गदर्शक कसा शोधायचा? नोकरी सांभाळून अर्धवेळ होईल का? मुख्याध्यापक म्हणतात, आधी प्रवेश आणा, मग ना-हरकत बघू. आणि एकाने फोन करून 'प्रबंध हप्त्याने करून देतो' म्हटलं. त्याला नाही सांगितलंय, पण असं सर्रास चालतं का?

मिरजवाला

ताई, मी शिवाजी विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात अर्धवेळच पीएच.डी. केली, नोकरी करून. नियमांचं सांगतो. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) नोव्हेंबर २०२२ ची पीएच.डी. नियमावली डाउनलोड करून स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. अर्धवेळ पीएच.डी.ला त्यात मान्यता आहे. ना-हरकत पत्राचा मजकूरही ठरलेला आहे: अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.च्या ठरलेल्या अभ्यासक्रमासाठी, कार्यमुक्त करू. हा तिसरा मुद्दा बघून संस्था मागे सरते. म्हणून 'आधी प्रवेश, मग पत्र' यावर थांबू नका. अर्जाच्या वेळी पत्र हातात हवं. संस्थेच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात, महिलांना त्यावर आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट), त्यात ५५ टक्के लागतात. तिसऱ्या श्रेणीतून प्रवेश घेताना नेटच्या गुणांना ७० टक्के भार आणि मुलाखतीला ३०. म्हणजे विषय नीट मांडता येणं फार महत्त्वाचं.

आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. ही नियमावली चालवूच देत नाही. परदेशी विद्यापीठाच्या नावाने तशी जाहिरात आली तर पैसे भरू नका.

खडू_फळा

विषय लहान अजिबात नाही. नेमका आहे. त्या केंद्राला प्रयोगाची जबाबदारी नको असावी, असं मला वाटतं. फॉर्म भरून घेणं सोपं असतं.

पण तुमच्या मांडणीतल्या दोन दुखऱ्या जागा मुलाखतीत पकडतील. एक, शिकवणार तुम्ही, व्हिडिओ तुमचे आणि तपासणारही तुम्हीच. उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाकडून तपासून घ्या, कुठली तुकडी कुठली हे त्यांना न सांगता. दोन, एका तुकडीला अक्षरं द्यायची आणि दुसरीला नाही, हे पालक विचारतील आणि बरोबरच विचारतील. त्यावर उपाय आहे. पहिल्या घटकाला अ तुकडीला अक्षरांसह आणि ब ला अक्षरांशिवाय, पुढच्या घटकाला उलट. कुणी वंचित राहत नाही, आणि प्रत्येक मूल दोन्ही पद्धतींतून जात असल्याने तुलनाही भक्कम होते. पालकांची संमती कन्नडमध्ये तोंडी समजावून मगच सही घ्या.

घरची भाषा फॉर्मवर विचारली तर पोरं 'मराठी' लिहितात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. आजीशी कुठल्या भाषेत बोलतोस, असं विचारा.

तो अंगठ्याचा प्रसंग प्रस्तावात पहिल्या पानावर घ्या. जोडशब्द आणि साधे शब्द वेगळे करून चाचणी बांधली तर अक्षरांचा उपयोग नेमका कुठे होतो ते दिसेल. हे शब्द फोडणं मराठीतल्या संस्कृत परिभाषेचं खास आहे, म्हणून तुमचं काम मेयरची नुसती नक्कल ठरणार नाही.

वारणाकाठ

मार्गदर्शक शोधायला शोधगंगा (भारतातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) उघडा. 'शैक्षणिक तंत्रज्ञान', 'व्हिडिओ', 'द्विभाषिक' असे शब्द मराठी-इंग्रजी दोन्हींत टाका. गेल्या आठ-दहा वर्षांत ज्यांच्या हाताखाली प्रयोगाधारित प्रबंध झालेत त्यांची यादी आपोआप तयार होते. मग जागा आहे का ते विचारा: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी ही मर्यादा असते. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही, तेही बघा.

कोल्हापूरपुरतं थांबू नका. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि पवईच्या आयआयटीत याच विषयात पीएच.डी. होते. नोकरी सोडून जाणं जमणार नसेल तरी तिथले प्रबंध वाचा, प्रयोगाची बांधणी कशी करतात ते कळेल.

हप्तेवाल्याचा नंबर ब्लॉक करा. दर सत्राला सल्लागार समितीपुढे उभं राहून स्वतःचं काम सांगावं लागतं, शेवटी खुली मौखिकी असते.

जतची_बाई (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस शाळेतून आल्यावर हेच वाचत बसले.

तुकड्या आलटून-पालटून घेण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. काल आठवीच्या परिभाषेची यादी काढायला बसले. विभवांतर, विद्युतधारा, चुंबकत्व, विद्युतघट असे फोडता येणारे शब्द एका बाजूला आणि रोध, ध्रुव, घट असे न फुटणारे दुसऱ्या बाजूला. चाचणी त्यावरच बांधते. आजीचा प्रश्न वर्गात सहज विचारून पाहिला. हजेरीपटात मराठी लिहिलेल्या सात पोरांनी कन्नड सांगितलं.

ना-हरकतीचा अर्ज सचिवांकडे आज दिला, पोच घेतली. शोधगंगावर तीन नावं मिळाली. त्यातल्या एका मॅडमना मेल केला, त्यांनी दोन पानांचा आराखडा मागितलाय.

मिरजवाला दादा, तुमची हरकत नसेल तर आराखडा एकदा तुमच्या नजरेखालून घालायचा आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारच्या एसटीने मिरजेला येते. व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन येईन, दोन्ही प्रकारचे.