ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांचे उच्चार का चुकतात?

रानजाई
कालपासून डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. आमच्या टीममध्ये एक जण आहे, जन्मापासून इंग्रजीच बोलणारा, वाचन दांडगं, मेल इतके सुरेख लिहितो की परत परत वाचावेत. काल कॉलवर तो epitome (म्हणजे मूर्तिमंत उदाहरण) ह्या शब्दाला ‘एपिटोम’ म्हणाला, त्याच्याच देशातल्या एक बाई लगेच ‘इपिटमी’ म्हणाल्या आणि तो जो गप्प झाला तो कॉल संपेपर्यंत बोललाच नाही. मला फार वाईट वाटलं. त्याच्या तोंडून ‘न्यूक्युलर’ आणि ‘लायबरी’ पण ऐकलंय मी. आपण इंग्रजी शिकून बोलतो, आपलं चुकणारच, पण ज्यांच्या कानावर ती पाळण्यात असल्यापासून पडतेय त्यांचं का चुकावं? निष्काळजीपणा असतो का दुसरं काही?

शब्दवेल्हाळ
निष्काळजीपणा अजिबात नाही हो. एपिटोम म्हणजे तो शब्द त्याने कानाने ऐकायच्या आधी पुस्तकात वाचलाय, एवढंच. होम, रोम, डोम सगळीकडे शेवटचा ई मुका, मग नेमका इथेच तो बोलतो हे कोण सांगणार? शब्द मूळचा ग्रीक, तिथला शेवटचा स्वर तसाच राहिला. ‘हायपर्बली’ला (hyperbole, म्हणजे अतिशयोक्ती) लोक ‘हायपरबोल’ म्हणतात ते पण ह्याच कारणाने. त्यात इंग्रजीत जोर कुठे द्यायचा ते लिहीत नाहीत आणि जोर सरकला की स्वर पण बदलतो, म्हणजे फोटोग्राफमधला पहिला ओ ठळक, आणि फोटोग्राफर म्हणताना तोच ओ पुसट होऊन ‘फटॉग्रफर’ होतं, स्पेलिंग जागच्या जागी. आपल्या ‘चार’ आणि ‘चारा’मधला च वेगळा आहे हे तरी देवनागरी कुठे दाखवते, आपल्याला ऐकून माहिती असतं. त्याने ऐकलेलं नव्हतं.

खडूफळा
न्यूक्युलर हा माझा आवडता विषय. अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष, आयझेनहॉवर आणि धाकटे बुश, असंच म्हणायचे. बुश तर येल आणि हार्वर्डला शिकलेले, म्हणजे शिक्षणाचा प्रश्न नाही. पर्टिक्युलर, सर्क्युलर, मस्क्युलर, मॉलेक्युलर असे शब्द ढीगभर आहेत, जीभ त्या वाटेला सरावलेली असते आणि न्यूक्लिअर पण त्याच वाटेने नेते.

रानजाई
पण ‘क्लिअर’ शब्द तर त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे, मग तो का नाही जमत?

खडूफळा
चांगला प्रश्न. नुसतं क्लिअर म्हणताना सगळा जोर त्याच्यावरच असतो. न्यूक्लिअरमध्ये जोर ‘न्यू’वर पडतो आणि ‘क्लिअर’ घाईत उरकावं लागतं, आणि जोर नसलेलं ‘क्लिअर’ शेवटी येणारे शब्द इंग्रजीत जेमतेम. लायबरीचं वेगळं आहे, तिथे दोन र जवळजवळ आले की पहिला गळतो. सरप्राइजचं ‘सप्राइज’ तसंच होतं. फेब्रुवारीचं ‘फेब्युअरी’ होतं त्यात हे पण आहे आणि आधीचा जॅन्युअरी पण त्याला आपल्या चालीवर ओढतो.

उंबरठा
सगळे जण ‘चूक’ म्हणताय ते मला पटत नाही. ‘आस्क’ला ‘आक्स’ म्हणणाऱ्यांना अडाणी ठरवतात ना, पण जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं होती, चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर ‘आक्स’ लिहितो आणि 1535 च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘मागा म्हणजे तुम्हाला मिळेल’ हे वाक्य ‘आक्स’नेच सुरू होतं. पुढे ‘आस्क’ प्रमाण झालं आणि दुसरं बोलणाऱ्यांना लोक नावं ठेवायला लागले, ह्याची मला खरंच चीड येते. आणि बर्ड म्हणजे पक्षी, तो आधी ‘ब्रिड’ होता! थर्ड पण ‘थ्रिड’ होतं. आपल्याकडे नुकसानचं नुसकान, डेस्कचं डेक्स होतं तोच हा वर्णविपर्यास, म्हणजे शब्दातल्या आवाजांची अदलाबदल, फक्त तिकडे उलटलेलं रूप शब्दकोशात जाऊन बसलं.

बाकी स्पेलिंगवर विसंबायचं तर त्याची पण गंमत बघा. कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला 1476 साली, छापील रूपं हळूहळू पक्की होत गेली आणि लांब स्वरांचे उच्चार तेव्हा बदलत होते ते पुढे दोनेकशे वर्षं बदलतच राहिले. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी इंग्रजीत कधीच कोणी उच्चारला नव्हता, फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हताच, पंडितांनी लॅटिन मूळ दाखवायला तो मागाहून घुसवला. आणि ‘ऑफन’मधला टी बोलण्यातून गेला होता, शाळेत स्पेलिंग वाचून वाचून लोकांनी परत आणला, आता दोन्ही चालतात.

रानजाई
ब्रिड वाचून थक्क झाले! आणि ऑफ्टन तर मी लहानपणापासून म्हणतेय. त्याला आज दोन ओळी लिहिते, एपिटोमचं नाव न काढता, फक्त ह्या पक्ष्याचं सांगते.