मदत हवी आहे : जुन्या कापडांच्या पिशवीवर भरतकाम करताना कापड फाटले

जुनी_पेटी, परभणी :
नमस्कार. आजीच्या पेटीतले तुकडे जोडून खांद्याची पिशवी शिवते आहे. चार तुकड्यांवर वेल भरून झाली आणि पाचव्यावर भरतकामाची रिंग घट्ट करताच कापड चर्रकन फाटले. पिशवी येत्या रविवारी भाचीच्या साखरपुड्यात द्यायची आहे. फाटलेला तुकडा काढून टाकू की वरून काही लावून झाकू, एवढेच कृपया लवकर सांगावे.

वाकळवाली, नांदेड :
ताई, कापड सुती आहे की रेशमी, मागे अस्तर आहे का, आणि फाटले ते घडीवर की मधोमध, हे कळल्याशिवाय काय सांगणार? धाग्याचा अंदाज येत नसेल तर कडेचा एक धागा ओढून जाळून पाहा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो, रेशमाला केस जळल्यासारखा.

टीप_मशीन, लातूर :
एवढी चौकशी कशाला? मागून पेस्टिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारे गोंद लावलेले कापड) ठेवून इस्त्री फिरवावी, काम झाले. मी प्रत्येक पिशवीला पेस्टिंगच लावतो.

वाकळवाली :
नव्या कापडाला ते चालते. जीर्ण कापडाला गरम इस्त्री सोसत नाही, गोंद बसल्यावर सुई अडते, आणि उद्या पेस्टिंग काढावे म्हटले तर त्याच्याबरोबर कापडही निघून येते.

काठपदर, जालना :
काठाची जरतार खरी असेल तर ती उसवून आधी सराफाकडे दाखवावी. जुन्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असे, त्यामुळे तिचे चांगले पैसे येतात.

जुनी_पेटी :
जरतार विकायची नाही, पिशवी शिवायची आहे! तुकडा आजोबांच्या हिमरू (सूत आणि रेशीम मिसळून विणलेल्या नक्षीच्या) शालीचा आहे. फाटला तो घडीच्या रेषेवरच. आडवे रेशमी धागे शाबूत आहेत, उभे तेवढे तुटले आहेत. मागे सुटे धागे लोंबतात, ते कापून टाकावेत असे मनात आहे. अस्तर शेवटी लावणार होते.

वाकळवाली :
ते सुटे धागे मुळीच कापू नका. हिमरूत उभा धागा सुती असतो आणि नक्षीचे रेशीम जिथे वर दिसत नाही तिथे ते मागे मोकळे राहते. ते कापले तर समोरची फुले उसवतील. धुऊन आटवलेली मऊ मलमल तुकड्याच्या मागे ठेवून, फाटीच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढे जातील असे लांब धागे उभ्या दिशेने टाकावेत आणि ते बारीक टाक्यांनी मलमलीवर टाचावेत. रिंग काढून ठेवा. वाकळ भरताना आपण कच्चा टाका घालून कापड मांडीवर घेतो, तसेच हेही हातावर भरावे, आणि प्रत्येक टाका दोन्ही थरांतून जाऊ द्यावा.

काठपदर :
फाटीवर लमाणी पद्धतीने आरसे आणि कवड्या लावल्या तर उठून दिसेल.

वाकळवाली :
दिसेल, पण कवडीचे वजन नेमके तुटलेल्या जागी ओढणार. कवड्या हव्याच असतील तर त्या तळाच्या शिवणीवर, अस्तरातून टाका घेऊन लावाव्यात.

जुनी_पेटी :
काल रात्री मलमल लावून पाहिली, फाट मिटल्यासारखी दिसते. पण ज्या चार तुकड्यांवर वेल भरून झाली आहे, त्यांच्यामागे काहीच नाही. आणि बंद कुठे शिवावेत? मी ते पैठणीच्या काठावर जोडणार होते.

वाकळवाली :
त्या चारांच्या मागेही आता मलमल लावा आणि शिवणीलगत बारीक धावदोरा घाला. वेल उसवायची गरज नाही. बंद मात्र काठावर नकोत. आतून मांजरपाटाची पूर्ण पिशवी शिवावी, तेही आधी धुऊन, कारण ते आटते. बंद त्या मांजरपाटाला जोडावेत, म्हणजे ओझे आतली पिशवी उचलेल आणि जुन्या तुकड्यांवर ताण येणार नाही. साखरपुड्याला रुमाल, मोबाईल, कुंकवाची डबी एवढेच ठेवायचे असेल तर ही पिशवी पुष्कळ टिकेल.

टीप_मशीन :
मांजरपाटाला तरी पेस्टिंग लावाच.